पुस्तक घरी जाऊ द्या

सोलापुरातल्या शाळांमध्ये गोष्टीची पुस्तके नाहीत, अशी ओरड आता फारशी खरी राहिलेली नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टीच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे लिहिलेले आहे. समग्र शिक्षा योजनेत प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५ हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. पुस्तके येतात, दाखल नोंदवहीत चढतात, त्यांच्यावर शिक्का बसतो आणि ती लोखंडी कपाटात जातात. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, कपाट उघडते. मुले पुस्तके हातात धरून ओळीने बसतात, फोटो निघतो आणि तासाभराने पुस्तके मोजून परत घेतली जातात.

आमचे म्हणणे असे की, मुलाला वाचनाची गोडी लागावी असे खरोखर वाटत असेल, तर त्याने स्वतः निवडलेले पुस्तक दर आठवड्याला त्याच्याबरोबर घरी गेले पाहिजे. स्पर्धा, प्रतिज्ञा, व्याख्याने यांचा नंबर त्यानंतर लागतो. शाळेत किंवा वाचनालयात पुस्तके किती आहेत, या आकड्यावरून काहीच कळत नाही. गेल्या महिन्यात किती पुस्तके घरी गेली, हा आकडा मागावा. तो शून्य असेल, तर हजार पुस्तकांचे कपाटही मुलांच्या दृष्टीने रिकामेच आहे.

घरीच का? शाळेतला प्रत्येक तास कोणीतरी आखून दिलेला असतो आणि वाचून झाल्यावर प्रश्न विचारले जाणार, हे मुलाला ठाऊक असते. घरी तेच पुस्तक ते चार वेळा वाचते, अर्धे टाकून देते, धाकट्या बहिणीला चित्रे दाखवत मनाची गोष्ट सांगते. या मोकळ्या, कोणी न तपासलेल्या वाचनातूनच वाचनाचा वेग येतो. शिवाय सोलापूरच्या घरांची एक जमेची बाजू आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत किंवा पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे आई विड्या वळत तासन्‌तास सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. तिचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. तिच्याशेजारी बसून मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला रोज अर्धा तास श्रोता मिळतो, आणि आईला स्वतः वाचता येते की नाही, याने काही अडत नाही. पालक अशिक्षित आहेत म्हणून घरी पुस्तक देण्यात अर्थ नाही, हा युक्तिवाद म्हणूनच आम्हाला मान्य नाही.

मग कपाटाला कुलूप का? शिक्षकांना पुस्तकांची आवड नाही, म्हणून नव्हे. शाळेच्या दप्तरात पुस्तक हे बाक, खुर्ची, घंटा यांच्याच पंगतीला बसते. जडसंग्रहाची, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची, तपासणी होते तेव्हा नोंदवहीतला प्रत्येक नग दाखवावा लागतो. नग कमी भरला तर खुलासा द्यावा लागतो आणि वसुली आपल्या पगारातून होईल, ही भीती शिक्षकाच्या मनात कायम असते. फाटलेले पुस्तकसुद्धा निर्लेखनाचा, म्हणजे नोंदवहीतून वगळण्याचा, प्रस्ताव मंजूर होईपर्यंत जपून ठेवावे लागते. अशा व्यवस्थेत पुस्तक कुलपात ठेवणारा शिक्षक सुरक्षित राहतो आणि वाटणारा अडचणीत येतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, नियम बदलायला हवा.

त्यासाठी नमुना शोधायला लांब जायची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट तरतूद आहे: वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके हरवली, तर ते नुकसान वाजवी धरावे. अप्रामाणिकपणा किंवा हयगय मात्र नसावी, आणि हजार रुपयांहून अधिक किमतीचे किंवा दुर्मीळ पुस्तक गेले तर चौकशी व्हावी. आता हे प्रमाण शाळेला लावून पाहा. ३० मुलांचा वर्ग, वर्षात देवघेवीचे ३५ आठवडे, म्हणजे पुस्तक १,०५० वेळा घरी जाणार. त्यात पाच पुस्तके गेली आणि एकेकाची किंमत ७५ रुपये धरली, तर नुकसान पावणेचारशे रुपयांचे. एका वर्गाच्या वर्षभराच्या वाचनासाठी ही रक्कम मोठी आहे, असे कोणी म्हणेल का? महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या हातात असा लेखी आदेश असायला हवा. तोंडी आश्वासनावर कोणी कुलूप उघडत नाही.

मुलांच्या हातात पुस्तक गेल्यावर ते झिजणार. कसे झिजते, हे माहीत असले तर निम्मे नुकसान खरेदीच्या वेळीच टळते. १६ किंवा २४ पानांचे, मधोमध पिना मारलेले पुस्तक सर्वांत टिकाऊ, फक्त पावसाळ्यात पिना गंजतात आणि मधले पान सुटते. पिन काढून त्याच जागी तीन भोके पाडून जाड सुती दोऱ्याने टाका घातला, की ते पुस्तक आणखी दोन-तीन वर्षे चालते. पाठीला नुसता गोंद लावून चिकटवलेली जाड पुस्तके मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात हमखास दगा देतात. पारा ४२-४३ अंशांवर गेला, की पत्र्याच्या खोलीतले लोखंडी कपाट भट्टीसारखे तापते, गोंद मऊ पडतो आणि मुलाने पुस्तक पूर्ण उघडले की पाने सुटी होऊन हातात येतात. जाड पुस्तक घ्यायचे तर दोऱ्याने शिवलेल्या बांधणीचेच घ्यावे. पाठीजवळून मध्यभागी उघडून पाहिले की दोरा दिसतो.

फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. वर्षभरात ती पिवळी पडते, तिच्या कडेला चिकटा सुटतो आणि शेजारचे पान त्याला धरते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ हा जुना उपाय चांगला. खळ म्हणजे पिठाची शिजवलेली चिकट पेज, हे मागावरच्या माणसांच्या गावात सांगायला नको. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी पद्धत आहे, ती मुलांच्या पुस्तकांसाठी वापरू नये, तो विषारी असतो. ताजी खळ पातळ लावावी, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवून वर वजन ठेवावे आणि एक दिवस वाळू द्यावे. पाठीचे काम असेल तर पांढरा डिंक बरा. हे सगळे चौथी-पाचवीची मुले करू शकतात, आणि ज्याने पुस्तक स्वतः दुरुस्त केले आहे, ते मूल सहसा पुस्तक फाडत नाही. ५ हजारांतले ५०० रुपये दुरुस्तीच्या सामानासाठी आणि हरवलेल्यांच्या जागी नवी घेण्यासाठी बाजूला काढावेत. उरलेल्या साडेचार हजारांत सरासरी ७५ रुपयांची ६० पुस्तके येतात.

तीस मुलांच्या वर्गाला साठ पुस्तके, हा आकडा मुद्दाम धरला आहे. मुलामागे एकच पुस्तक असेल, तर शेवटी येणाऱ्या मुलाला निवड उरत नाही, उरलेले गळ्यात पडते. मुलामागे दोन असली, की शेवटच्या मुलासमोरही तीस पुस्तके असतात. पहिल्या वर्षी अख्ख्या शाळेचा हट्ट धरू नये. दुसरी किंवा तिसरीचा एक वर्ग घ्यावा, पुढच्या वर्षीच्या पैशांतून दुसरा.

आता खरेदी. खरी घोडचूक होते ती इथे. खरेदी मार्चअखेरीस, निधी परत जाण्याच्या धास्तीने उरकली जाते. तीन दरपत्रके मागवली जातात आणि ज्याची सवलत सर्वांत जास्त, त्याला काम मिळते. सवलतीच्या शर्यतीत टिकण्यासाठीच छापलेली, छापील किंमत आधीच फुगवलेली पुस्तके मग शाळेत येतात: ‘बोधकथा’, ‘थोरांची चरित्रे’, ‘सामान्य ज्ञान’, बारीक टाइप, एका रंगातली चित्रे, परिच्छेद पानभर लांब. ही पुस्तके मुले उघडत नाहीत आणि मग निष्कर्ष निघतो की मुलांना वाचनाची आवडच नाही. ५० टक्के सवलतीत मिळालेले न वाचलेले पुस्तक हे पूर्ण किमतीला घेतलेल्या आवडत्या पुस्तकापेक्षा महागच पडते.

पुस्तक निवडताना काय पाहावे? पहिली-दुसरीसाठी पानावर एक ते तीन ओळी, अक्षर ठळक आणि मोठे, १८ पॉइंटच्या खाली नको. जोडाक्षरे मोजकी असावीत. चित्राने गोष्ट पुढे न्यायला हवी, नुसती सजावट नको. मूल अडखळले तर चित्र पाहून पुढचा शब्द ओळखता आला पाहिजे. तिसरी-चौथीसाठी पाच बोटांची साधी कसोटी पुरते: मुलाने मधले कुठलेही एक पान वाचावे आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पाचही बोटे मिटली तर पुस्तक सध्या जड आहे, एकही मिटले नाही तर सोपे आहे, दोन-तीन मिटली तर नेमके आहे. ही कसोटी मुलाला स्वतः लावायला शिकवावी, पण तिचा कायदा करू नये. सोपे पुस्तक पुन्हा पुन्हा नेणारे मूल वेळ वाया घालवत नसते, ते सराव करत असते. जड पुस्तक नुसत्या चित्रांसाठी नेणाऱ्यालाही नेऊ द्यावे.

नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, तुलिका, पुण्याचे ज्योत्स्ना प्रकाशन यांच्या सूच्या आधी मागवाव्यात. प्रत्येकाची थोडी पुस्तके आणावीत आणि वर्गात आठवडाभर पसरून ठेवावीत. कोणत्या पुस्तकाभोवती मुले जमतात, हे दोन दिवसांत दिसते. त्याच्या तीन प्रती घ्याव्यात, ज्याला कोणी हात लावला नाही त्याची एकही नको. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याची वर्गणी स्वस्त आहे आणि जुने अंकही मासिकाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. वाढदिवसाला शाळेला पुस्तक भेट देण्याची चाल आता रुळते आहे, तीही चांगली आहे. अट एकच ठेवावी: पुस्तक यादीतले असावे आणि ते मुलानेच निवडलेले असावे. घरातली रद्दी उपसून आणलेली मार्गदर्शके आणि जुनी पाठ्यपुस्तके नम्रपणे परत करावीत.

सोलापूरचा विचार करताना भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. इथे घरात तेलुगू, गल्लीत मराठी, दुकानात कन्नड आणि शेजारी दखनी बोलणारी मुले हजारोंनी आहेत. महापालिकेच्या शाळाही मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू माध्यमांच्या आहेत. मराठी माध्यमातल्या तेलुगूभाषक मुलाला मराठी पुस्तक जड जाते तेव्हा आपण त्याला वाचनात कच्चे ठरवतो. प्रत्यक्षात ते दोन कामे एकाच वेळी करत असते, अक्षर ओळखणे आणि परकी भाषा समजणे. एकच गोष्ट त्याला दोन भाषांत मिळाली, तर निम्मा भार उतरतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून अशा अनेक गोष्टी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत ठेवलेल्या आहेत, खुल्या परवान्याने. लेखक-चित्रकारांचा श्रेयनिर्देश राखून त्या छापून घेता येतात. शाळेने मराठी आणि तेलुगू प्रत एकत्र घरी पाठवावी. तेलुगू बोलणाऱ्या पण तिची लिपी न येणाऱ्या घरी मूल मराठी वाचेल आणि आजीला गोष्ट तेलुगूत सांगेल. तेही वाचनच, उलट समजून वाचल्याची त्याहून चांगली परीक्षा नाही.

देवघेवीची रीत साधी हवी. शनिवारी सकाळची शाळा असते आणि ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमामुळे दप्तराचे ओझेही नसते, म्हणून तोच दिवस चांगला. चाळीस मिनिटे पुरतात. पहिली दहा मिनिटे पुस्तके परत घेणे आणि फाटलेली वेगळी काढणे, मग दहा मिनिटे शिक्षकांनी मोठ्याने वाचणे, आणि हा भाग कधीही गाळू नये, कारण शिक्षकांनी अर्धवट वाचून ठेवलेल्या पुस्तकावर पुढच्या आठवड्यात उड्या पडतात. मग पंधरा मिनिटे निवड, पाच मिनिटे नोंद. नोंद दोन मुले ठेवतील: मुलाचे नाव, पुस्तकाचा क्रमांक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. सारांश लिहून आणायला सांगू नये, गुण देऊ नयेत, दंड तर मुळीच घेऊ नये. दंडाच्या भीतीने मूल हरवलेल्या पुस्तकाबद्दल काही बोलत नाही आणि नवे मागायलाही येत नाही. एक पुस्तक आधीच गेलेले असते, त्यापाठोपाठ वाचकही जातो.

पुस्तके कपाटात उभी लावली, की मुलाला नुसती पाठ दिसते, आणि सोळा पानी पुस्तकाला पाठच नसते. मुखपृष्ठ समोर दिसले पाहिजे. त्यासाठी भिंतीवर टांगायची कापडी खिशांची पट्टी उत्तम. टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांतून निघणारे जाड कापडाचे तुकडे आणि शिलाई मारणाऱ्या बाया दोन्ही या शहरात आहेत. खिशाची रुंदी १० इंच आणि उंची ६ इंच ठेवली, की पुस्तकाचा वरचा भाग दिसत राहतो. एका पट्टीवर बारा खिसे, अशा तीन पट्ट्या एका वर्गाला भरपूर होतात. त्या मुलांच्या छातीच्या उंचीवर टांगाव्यात, शिक्षकांच्या नव्हे.

सार्वजनिक वाचनालयांकडूनही अपेक्षा आहेत. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत आणि दर्जाप्रमाणे अनुदान. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी, लोकांच्या मनात मान असलेली संस्था सोलापुरात आहे. पण राज्यभर दिसते ते असे की, वाचनालयांची जागा हळूहळू स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांनी घेतली आहे. त्या विद्यार्थ्यांची गरज खरी आहे, मात्र त्यांना शांतता हवी असते आणि आठ वर्षांच्या मुलाला मोठ्याने वाचायचे असते. एकाच खोलीत दोघांची सोय होत नाही, आणि गप्प बसवले जाते ते मुलालाच. आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी सकाळी बालविभागासाठी वेगळी खोली आणि वेगळी वेळ द्यावी. अनामत रक्कम हा दुसरा अडसर. विणकराच्या किंवा विडी कामगाराच्या घरातून चार-पाचशे रुपये एकदम निघत नाहीत. शाळेच्या मुख्याध्यापकांचे हमीपत्र अनामतीच्या जागी चालावे, आणि वार्षिक अहवालात मुलांनी नेलेल्या पुस्तकांची संख्या वेगळ्या रकान्यात छापावी. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ असा आहे. दर्जा ठरवताना तो रकाना पाहिला जाईपर्यंत हा सिद्धांत भिंतीवरच्या तक्त्यात राहील.

जवळजवळच्या चार शाळांनी आपापल्या साठ-साठ पुस्तकांच्या पेट्या दर तिमाहीला आपसांत बदलल्या, तर प्रत्येक शाळेला एका पेटीच्या पैशांत वर्षाला २४० पुस्तके मिळतात. सयाजीरावांच्या बडोदे संस्थानात १९१० नंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय व्यवस्थेत फिरत्या पेट्या गावोगाव जात होत्या. तेव्हा वाहतूक अवघड होती, आज एक रिक्षा पुरते.

मोबाइलबद्दल थोडेच. मोबाइल काढून घेतल्याने मूल वाचू लागत नाही, हाताशी दुसरे काहीतरी असावे लागते. ते हाताशी ठेवण्याबद्दलच हे सगळे आहे.

स्वतःच्या मालकीच्या पुस्तकाचे महत्त्वही वेगळे आहे. वाचनालयाचे पुस्तक परत जाते, आपल्या पुस्तकावर नाव घालता येते. सोलापूरच्या मुलांच्या हातात खर्चायला पैसे येतात ते जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत. होम मैदानावर पाळणे, खेळणी, भेळ, बांगड्या सगळे असते. तिथे मुलांच्या पुस्तकांची एक रांग असावी, खेळण्यांच्या रांगेला लागूनच, आणि दुकानदाराला जागेचे भाडे माफ असावे. पुस्तके २० ते ६० रुपयांतली, चारही भाषांतली, पसरून ठेवलेली, हाताळायला मोकळी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुस्तक मूल घेत नाही, कारण आत काय आहे ते दिसत नाही. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव होतो, पण तिथे येतात ते आधीच वाचणारे लोक. गड्ड्याला सगळे सोलापूर येते. पालकांना एकच विनंती: पुस्तक मुलाने निवडावे. ‘हे नको, ते ज्ञानाचे घे’ असे म्हटले, की मूल पुढच्या वर्षी पुस्तकांच्या रांगेकडे फिरकत नाही.

सर्वांत आधी बदलता येण्यासारखी एक गोष्ट उरते, तिला पैसा लागत नाही. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असतात. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच उन्हामुळे मुले घराबाहेर पडू शकत नाहीत. वर्षातला वाचनाचा सर्वांत मोठा मोकळा वेळ हाच, आणि नेमकी याच सहा आठवड्यांत शाळेतली सगळी पुस्तके कुलपात असतात. निकालाच्या दिवशी प्रत्येक मुलाला चार पुस्तके द्यावीत. प्रत्येकाने वेगवेगळी घ्यावीत, म्हणजे गल्लीतल्या पाच मुलांत वीस पुस्तके फिरतील. एका वर्गाच्या साठ पुस्तकांत हे भागणार नाही, म्हणून शाळेतली कपाटातली सगळीच पुस्तके त्या दिवशी बाहेर काढावीत. यादी वर्गशिक्षकांकडे राहील, पालकांची सही घ्यावी, पण हरवल्यास भरपाईची अट त्यात नको. शाळा उघडल्यावर पहिल्या शनिवारी पुस्तके परत घ्यावीत आणि किती आली, किती फाटली, किती हरवली हे फलकावर लिहावे. निकालाआधी पंधरा दिवस पुरतील असे हे काम आहे, फक्त त्याआधी हरवलेल्या पुस्तकांबद्दलचा तो लेखी आदेश शाळांपर्यंत पोचायला हवा. शिक्षणाधिकाऱ्यांनी तो मार्चमध्येच काढावा.